पांढरकवड्यात बनलेलं आल्प्सचं वेळापत्रक

एकतीस वर्षं मी पांढरकवड्याच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे खिडकीत बसून, न दिसणाऱ्या गाड्यांबद्दल समोर दिसणाऱ्या माणसांशी बोलायचं काम. गेल्या जूनमध्ये रिटायर झालो, शाल-नारळ घेतला आणि केळापूरकडच्या आमच्या तांड्यावर घरी येऊन बसलो. माझी बायको जया म्हणते, "बसले असते तं बरं झालं असतं."

रिकामा वेळ मला सोसत नाही, त्याला मी काय करू? पहिल्याच महिन्यात मी घराचं वेळापत्रक करून स्वयंपाकघराच्या दाराला लावलं. म्हैस पाच वीस, चहा पाच पन्नास, बापूंची आंघोळ सहा चाळीस. म्हैस दोन दिवस वेळेवर होती. बापू एकही दिवस नव्हते.

बापू म्हणजे माझे वडील, लखीराम नाईक, वय अठ्ठ्याहत्तर. नाईक म्हणजे तांड्याचा म्होरक्या. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, तेव्हा नाईकाच्या शब्दावर पाचशे बैल उठत आणि बसत. आता नाईकाला लग्नात पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. बापूंनी स्वतः ही बैलांवरची मालवाहतूक, म्हणजे लदेणी, कधी पाहिलेली नाही, पण आज्याकडून ऐकलेलं सगळं त्यांना स्वतः केल्यासारखं आठवतं. पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून एसटीचं तिकीट लागत नाही म्हणून दर मंगळवारी ते मारेगावला जाऊन येतात. काम काय, असं विचारलं की म्हणतात, "गाडी जाऊनच राह्यली होती."

आमची बबिता जर्मनीत म्युनिचला पाण्याच्या इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष करते. दर रविवारी तिचा फोन येतो. आईशी, म्हणजे तिच्या याडीशी, ती अर्धा तास फोडणीवर बोलते. आजोबांना ती दादा म्हणते, त्यांच्याशी आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलून खिदळते. मग फोन माझ्याकडे. "बाबा, बरे हाय ना?" "हो." "बरं, ठेवतो मंग." पोरीच्या शाळेचे फॉर्म, बसचा पास, यवतमाळच्या कॉलेजची ॲडमिशन, सगळं या हातांनी केलं, आणि आता तिला माझ्याकडून काहीच लागत नव्हतं. मला त्याचं वाईट वाटायचं. एकदा तरी तिनं मला काही विचारावं, एवढंच वाटायचं. देवाकडे मागण्याइतकी ती मोठी गोष्ट नव्हती, पण मनातून जातही नव्हती.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी फोन माझ्याकडे आला आणि ती म्हणाली, "बाबा, एक काम होतं. तुमच्याबिगर कोनाले जमत नाही."

मी खुर्चीवर नीट बसलो. जया नेमकी त्याच वेळी म्हैस पाहायला उठून गेली.

काम असं होतं. फेब्रुवारीत सहा दिवस, चार जण, एक जुनी गाडी. आल्प्सच्या डोंगरात चार ठिकाणी स्कीइंग करायचं. पैसे विद्यार्थ्यांचे, म्हणजे नसल्यातच जमा. कुठून कुठे जायचं, कुठे राहायचं, काय खायचं, याचा सगळा आराखडा करून द्यायचा.

"ते काय असते?" बापूंनी विचारलं. फोन स्पीकरवरच असतो, आमच्याकडे खाजगी असं काही नसतं.

"दादा, डोंगरावर जायचं अन् पायाले पट्ट्या बांधून बर्फावरून खाली घसरायचं."

"वर काय घेऊन जातेत?"

"काहीच नाही."

"अन् खाली काय आनतेत?"

"काहीच नाही. खाली आलं का पुन्हा वर."

"रिकामे चढतेत अन् रिकामे उतरतेत," बापू माझ्याकडे वळून म्हणाले. "आमचा आजा असता तं दंड ठोकला असता."

प्रवाशांची यादी मी वहीत उतरवून घेतली. बबिता, केरळची लिजी, पोलंडची मार्ता आणि टोमास. टोमास जर्मन आणि गाडी त्याची. या नावाजवळ माझं पेन जरा थांबलं. मग मी त्याच्यापुढे 'ड्रायव्हर' असं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेलो.

त्या दिवसापासून मी माणसात आलो. सकाळी सातला नकाशा उघडायचा तो दुपारी जेवायला मिटायचा. फेऱ्या आखल्या, थांबे ठरवले, ड्रायव्हरला सलग चार तासांवर स्टेअरिंग द्यायचं नाही, हे लाल शाईनं लिहिलं. ऑस्ट्रियाच्या मोठ्या रस्त्यावर गाडीच्या काचेला पैसे भरल्याची चिकटपट्टी लागते. ती दहा दिवसांची मिळते. स्वित्झर्लंडची मिळते ती अख्ख्या वर्षाची. एका दिवसासाठी वर्षाचे पैसे कोण भरतो? मी स्वित्झर्लंड रद्द केला. अख्खा देश एका रेघेत रद्द करताना जे समाधान वाटलं, ते नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

बापू शेजारी बसून ऐकायचे आणि मध्ये मध्ये लदेणी घुसवायचे.

"मुक्काम कुठी करतं?"

"जिथी घसरायचं तिथीच. मुक्कामी गाडी शेवटच्या थांब्यावरच राहते, बापू. तवा सकाळची पहिली फेरी टायमावर सुटते."

"बाजारात मुक्काम नाही करायचा. बाजाराच्या अलीकडं एक कोस थांबायचं, पानी पाहून. बाजारात राह्यलं का बाजार आपल्यालेच खाते."

"ते बैलाचं होतं."

"मानसाचंच होतं. बैल बाजारात काय घेते?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डोंगराच्या पायथ्याच्या हॉटेलांचे भाव मी दोनदा रुपयांत करून पाहिले होते, पण नियम म्हणजे नियम. मी दोन खोल्यांऐवजी एक खोली धरली, तिघी पोरींसाठी. ड्रायव्हर गाडीत झोपतो, ही आमच्याकडची जुनी रीत आहे.

तिथं बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात, हे मी एकदा सहज बोलून गेलो. बापू उठून उभे राहिले.

"मीठ?"

"हो. बर्फ इतळतो त्याच्यानं."

"खायाचं मीठ? रस्त्यावर?"

"खायाचं नसन. पन मीठच."

"कोन आनून देते त्याईले?" बापूंनी विचारलं, आणि उत्तर न ऐकता बाहेर गेले. ज्या मिठासाठी आपल्या वाडवडिलांनी शेकडो कोस बैल हाकले, ते कुठेतरी लोक चाकाखाली टाकतात, हे त्यांना दोन दिवस पचलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, की पोरीला विचार, तिथं मिठाचा धंदा कोणाच्या हातात आहे.

मग घाटाचं प्रकरण झालं. इटलीतून परत येताना मला नकाशावर एक अठ्ठेचाळीस वळणांचा घाट दिसला. त्यानं किलोमीटर वाचत होते. पण फोनवर रस्ता विचारला, की फोन दूरचा रस्ता दाखवायचा, घाटातून न्यायचं नावच घेईना. मला राग आला. एकतीस वर्षं किलोमीटर वाचवणाऱ्या माणसाला हा शिकवणार?

"त्या वाटेनं समोरून येनारं कोनी दिसते काय?" बापूंनी विचारलं.

"जर्मनीतल्या घाटात समोरून कोन येते ते मले इथून कसं दिसन?"

पण दिसतं. तिथं घाटाच्या माथ्यावर कॅमेरा लावून ठेवलाय आणि तो चोवीस तास चालू असतो. मी तो उघडला. एक घर दिसलं, त्याच्या खिडकीपर्यंत बर्फ होता. रस्ता कुठेच नव्हता. तो घाट थंडीत सहा-सात महिने बंदच असतो, आणि तो इटलीत आहे, हेही मला त्याच दिवशी कळलं.

"वाटच नाही दिसून राह्यली," बापू चष्मा वर करून म्हणाले. "तू मात्र टाइम बरोबर लिवला हाय."

ते पान मी फाडलं. पण बाकीची सात पानं अशी उतरली, की मला माझंच कौतुक वाटलं. हिशेबाला तर तोड नव्हती. चारही ठिकाणी डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याचे दिवसाचे पास काढावे लागतात आणि तोच सगळ्यात मोठा खर्च. तोही मी चांगलाच खाली आणला होता. सातही पानांचे फोटो काढून बबिताला पाठवले. चार मिनिटांत उत्तर आलं: "वा बाबा, एकदम मस्त. असंच करतो."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन स्टँडवर गेलो. माझ्या खिडकीत आता रामसिंग बसतो. त्यानं सातही पानं वाचली, कारण मी दारात उभा होतो आणि त्याला बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. शेवटच्या पानावर त्याचं बोट थांबलं.

"जीवनभाऊ, हे पास दोन आन् अर्धा कसे काय?"

"चार जन हाय. ड्रायव्हरचा एक फुल. तीन बायका, त्याईचे अर्धे अर्धे. अडीच."

रामसिंगनं बोट तिथंच ठेवलं. "तिथी बायकाईले अर्धं तिकीट हाय?"

बायकांना अर्धं तिकीट, हे गेली काही वर्षं खिडकीत बसून दिवसातून शंभरदा सांगितलेलं. सूर्य उगवतो तसं ते मला सगळीकडेच लागू वाटलं होतं. स्टँडच्या बाकावर बसून मी चारही डोंगरांचे दर पुन्हा उघडले. लहान मुलांना सवलत होती. म्हाताऱ्यांना होती, म्हणजे बापू तिथंही कमी पैशात घसरले असते. बायकांना कुठेच नव्हती.

पोरगी माझ्या भरवशावर परमुलखात डोंगराखाली उभी राहील आणि खिशात पैसे पुरणार नाहीत. रविवारची वाट न पाहता मी तिथूनच फोन लावला.

"बबिता, पासाचा हिशेब चुकला. चारही फुल धर. माह्यी चूक हाय, मी अर्धे धरले."

"अर्धे?" ती म्हणाली. "अर्धे कायले धरले?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जिनं ती पानं वाचली असती, तिला हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. चार मिनिटांत सात पानं कोणी वाचत नाही.

"तू वाचलंच नाही."

ती म्हणाली, "बाबा, पास नोव्हेंबरातच काढले. तवा स्वस्त भेटतेत. गाडीचं, राहायचं, सगळं तवाच झालं."

"राहायचं कुठी?"

"खालच्या गावात. दिवाळीत दादाले विचारलं होतं मी. ते म्हने बाजाराच्या अलीकडं थांबा. गंज स्वस्त पडलं."

म्हणजे विचारलं होतं. मला नाही, बापूंना. "मंग मले कायले सांगितलं?"

"याडी म्हने, तुह्या बापाले काही काम लाव. घरात म्हशीले बी टाइम दाखवून राह्यले."

मी फोन ठेवला. घरी येऊन दाराचं वेळापत्रक काढलं, वही माळ्यावर टाकली, आणि कोणाशी बोललो नाही. जयानं दोन दिवस मला न विचारता भज्यांचा घाणा काढला, म्हणजे तिला चूक कबूल होती. भजी मी खाल्ली, पण बोललो नाही. बापू म्हणाले, "तुले विचारलं नाही म्हनून फुगून बसला काय? मले विचारलं तं मले काय भेटलं?" रविवारी फोन वाजायची वेळ झाली की मी वावराकडे निघून जायचो. असे तीन रविवार गेले. पोरगी फिरायला निघाली त्या दिवशीही मी वावरातच होतो.

ती निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी मंगळवार होता. संध्याकाळचे सहा वाजले असतील. हरभरा घाट्यावर आला होता आणि माकडांची टोळी बांधावर बसून मी उठायची वाट पाहत होती. फोन वाजला. बबिताचा, आणि माझ्या फोनवर. नेहमी ती जयाच्या फोनवर करते.

मी पहिलं वाक्य विचारलं ते हेच. "याडीनं सांगितलं काय फोन कराले?"

"नाही बाबा. याडीले मालूमच नाही. सांगू बी नोका." मग म्हणाली, "मले भेव लागून राह्यलं."

तिचा आवाज ऐकून मी उभा राहिलो. एका डोंगरातल्या रस्त्यावर सकाळपासून बर्फ पडत होता. पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला होता. अडीच तास गाड्या जागच्या हलल्या नव्हत्या. भरदुपारी अंधारल्यासारखं झालं होतं. टोमास काय झालं ते पाहायला पायी पुढे गेला, त्याला पाऊण तास झाला, तो आला नव्हता आणि फोन उचलत नव्हता. लिजी मागे बसून रडत होती.

"सगळे मलेच विचारून राह्यले बाबा, का आता काय करायचं. प्लॅन तुहा होता म्हनतेत. काय करू?"

इतके दिवस ज्याची वाट पाहिली, तो प्रश्न आला होता. मनात सातही पानं उलटून पाहिली, त्यातलं एकही कामाचं नव्हतं. "मले माहीत नाही, बेटा," मी म्हणालो. एकतीस वर्षांत खिडकीतून हे वाक्य मी कधी बोललो नव्हतो.

पण दर वाचता वाचता एक गोष्ट वाचनात आली होती. वेळापत्रकात बसत नव्हती म्हणून लिहिली नव्हती. "इंजिन चालू हाय काय?"

"हो, हीटरसाठी."

"पह्यले बंद कर. खाली उतर अन् मागचा धुराचा पाइप पाह्य, बर्फानं बुजला काय ते. बुजला तं धूर गाडीत येते."

दार उघडल्याचा आवाज आला, मग वारा, मग बराच वेळ नुसता तिचा श्वास. मी बांधावर उभा राहून तो मोजत होतो. "अर्ध्याच्या वर बुजला होता," ती म्हणाली. "लाथेनं मोकळा केला."

"आता घडीघडी पाहत राह्य. दहा मिनिटं चालू, मंग बंद. काच बोटभर खाली ठेव. अन् त्या पोरीईले काही ना काही सांगत राह्य. खबर नसली तरी दर दहा मिनिटाले सांगायचं. मानूस उशिराले नाही भेत, गप्प खिडकीले भेते."

"मी काय सांगू? माह्यं तोंडच नाही उघडून राह्यलं. तुमीच सांगा ना बाबा. स्पीकरवर टाकतो."

"त्याईले मराठी येते काय?"

"नाही येत. तरी सांगा."

नाल्याला पूर आला, की पलीकडच्या गाड्या अडकायच्या आणि अख्खा स्टँड माझ्या आवाजावर टेकून बसायचा. तोच आवाज मी काढला. हरभऱ्याच्या वावरात उभं राहून, खणखणीत. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. म्युनिचहून आलेली गाडी बर्फामुळे डोंगरात थांबलेली आहे. गाडी सुस्थितीत आहे. ड्रायव्हर रस्ता पाहायला गेलेले आहेत. पुढील सूचना दहा मिनिटांनी देण्यात येईल. तोपर्यंत ज्यांच्याजवळ खायला असेल त्यांनी ते इतरांना द्यावं."

पलीकडून कोणीतरी इंग्रजीत विचारलं की हा कोण, आणि बबितानं सांगितलं. मग पिशव्या उघडल्याचा आवाज आला.

दर दहा मिनिटांनी मी सूचना दिली. मध्ये फोन कानालाच होता. दुसऱ्या सूचनेला लिजीचं रडणं थांबलं होतं. तिसऱ्या सूचनेला मार्तानं माझ्या मागे 'कृपया लक्ष द्यावं' म्हणून पाहिलं आणि तिघी हसल्या. माकडं एव्हाना वावरात उतरली होती आणि घाटे ओरबाडत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो.

चौथ्या सूचनेच्या आधी गाडीचं दार वाजलं. टोमास आला होता, गुडघ्यापर्यंत ओला. फोनची बॅटरी संपली होती, आणि ट्रक बाजूला काढायला तो इतरांबरोबर धक्का मारत होता. "ड्रायव्हर परत आलेले आहेत," मी जाहीर केलं. "त्यांना आधी गरम चहा देण्यात यावा."

"बाबा, त्याले आता ड्रायव्हर नोका म्हनू," बबिता हळूच म्हणाली. वहीतला तो शब्द मी मनातच खोडला.

पुढे अर्ध्या तासानं गाड्या हलल्या. इंजिनाचा आवाज मी ओळखला.

"निघालो बाबा. पुढं बोगदा हाय, तिथी फोन कटन. तोपर्यंत ठेवू नोका."

"नाही ठेवत."

गाडी चालल्याचा आवाज येत होता, आणि मग तो बंद झाला. तरी मी फोन कानाला धरून होतो.

बांधावरून जया येत होती. जेवायची वेळ टळून गेली होती. तिनं बॅटरी मारली. माकडांनी तेवढ्या वेळात अर्धं वावर मोकळं केलं होतं आणि मी त्याच्या मधोमध उभा होतो.

"हे काय करून ठेवलं?" ती म्हणाली. "अन् कोनाशी बोलून राह्यले एवढ्या वेळचे?"

"एक गाडी लेट होती," मी म्हणालो. "आता निघाली."